बोटानं बोलायचं, डोळ्यांनी बोलायचं!

दोस्तांनो, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक नदी आहे. तिचं नाव गाढवी. (हो हो, खरंच गाढवी! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.) या नदीवर मातीचं एक मोठं धरण आहे, इटियाडोह. पाऊस चांगला झाला की धरण काठोकाठ भरतं, सांडव्यावरून पाणी धो धो कोसळतं आणि ते बघायला लांबून लांबून माणसं येतात.

पण धानाची बांधी काही पाण्याकडे नुसतं बघून पिकत नाही. तिला लागतो कालवा. धरणात पाणी भरपूर, पण कालवाच नाही, तर शेत कोरडंच राहणार. मग एखादा परका माणूस ते कोरडं शेत बघून म्हणेल, "इकडे पाणीच नाही वाटतं!" चूक कोणाची? पाण्याची नक्कीच नाही.

काही माणसांच्या बोलण्याचं अगदी असंच असतं. मनात शब्द भरपूर, विचार भरपूर, थट्टामस्करीही भरपूर. पण ते तोंडातून बाहेर येण्याची वाट अडलेली असते. आणि आपण काय म्हणतो? "त्याला काही कळत नाही वाटतं!"

आज आपण या माणसांसाठी काढलेल्या कालव्यांची गोष्ट ऐकणार आहोत. शिवाय त्या कालव्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून आपण काय करायचं, तेही बघणार आहोत.

सहलीला आलेली मैत्रीण

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. प्रसंग मनातलाच आहे, पण असे प्रसंग रोज कुठे ना कुठे घडतात.

सातवीच्या वर्गाची सहल इटियाडोहला आली आहे. वर्गात एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर बसलेली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूच्या काही भागाला इजा झाली, त्यामुळे हात, पाय, जीभ, ओठ यांचे स्नायू तिचं ऐकत नाहीत. गणितं ती मनातल्या मनात सोडवते, पण "चार" म्हणायला गेली तर निघतो नुसता आवाज. तिच्या मांडीवर एक पुठ्ठा आहे. त्यावर चौकटी, चौकटीत चित्रं आणि चित्रांखाली शब्द. बोट टेकवून ती बोलते.

ती बोट नेते, हात थरथरतो, मग ते एका चौकटीवर टेकतं. "पानी."

"अरे, तहान लागली तिला!" कोणीतरी ओरडतं. बाटली येते. ती मान हलवते. बाटली पुन्हा तोंडाशी. ती हातानं ढकलते, पाणी सांडतं. तेवढ्यात एक मावशी तिच्या आईला विचारतात, "काय वो, हिले भूक लागली का?" मुलीला कोणीच विचारत नाही. खुर्ची वळते आणि सगळे डबे खायला झाडाखाली जातात.

तिला काय म्हणायचं होतं, सांगू? पुढच्या दोन चौकटी होत्या "जवळ" आणि "पाहू". पानी, जवळ, पाहू. सांडव्याचं पाणी तिला जवळून बघायचं होतं. तीनच शब्द, आणि त्यांना लागला असता जेमतेम अर्धा मिनिट. तेवढं थांबायला कोणाकडे वेळ नव्हता.

तिच्याकडे पुठ्ठा होता, शब्द होते, बोटही होतं. कमी पडलं ते ऐकणारं माणूस.

याला म्हणतात तरी काय?

अशा साधनांना आणि पद्धतींना मिळून नाव आहे "पूरक आणि पर्यायी संवाद". पूरक म्हणजे बोलणं थोडं येतं, त्याला जोड. पर्यायी म्हणजे बोलणं येतच नाही, त्याच्या जागी दुसरी वाट. जगभर याला थोडक्यात "एएसी" म्हणतात.

नाव भारदस्त आहे, पण घाबरू नका. तुम्ही स्वतः हे रोज करता. घसा बसला की खुणा करता. परीक्षेत सरांना बोट दाखवून "पाणी प्यायला जाऊ?" विचारता. बाजारात भाषा कळली नाही तर वस्तूकडे बोट करता. फरक एवढाच की तुमचा घसा दोन दिवसांत सुटतो. काहींचा सुटत नाही.

कोणाला लागतं हे? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या काही मुलांना. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्या आजोबांना. घशाचं ऑपरेशन झालेल्या काकांना. इस्पितळात श्वासाची नळी घातलेल्या कोणालाही. म्हणजे उद्या आपल्यालाही लागू शकतं!

भुवई उडवणारा शास्त्रज्ञ

आता एका जगप्रसिद्ध माणसाकडे जाऊ. स्टीफन हॉकिंग हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. कृष्णविवरांचा अभ्यास करणारे हे इंग्रज शास्त्रज्ञ 1942 साली जन्मले. एकविसाव्या वर्षी, 1963 साली, त्यांना स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार असल्याचं कळलं. 1985 साली न्यूमोनिया झाला, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं आणि जो काही अस्पष्ट आवाज उरला होता तोही गेला.

मग ते बोलायचे कसे? समोरचा माणूस अक्षरांच्या तक्त्यावर एकेका अक्षराला बोट लावायचा. हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उडवायचे. बस्स! एक अक्षर झालं. मग दुसरं. विश्वाचं कोडं सोडवणारा माणूस एकेका अक्षरासाठी भुवई उडवत होता.

पुढे कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वोल्टोश यांनी आपला संगणकाचा एक प्रोग्रॅम त्यांना पाठवला. पडद्यावर शब्द सरकायचे, हातातलं बटण दाबलं की शब्द निवडला जायचा आणि यंत्र ते मोठ्यानं बोलून दाखवायचं. मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत वेग जायचा. 1988 साली त्यांचं "अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम" हे पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. 2001 सालच्या जानेवारीत हॉकिंग मुंबईला आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं भरवलेल्या परिषदेसाठी. त्यांचा वाढदिवसही याच मुक्कामात झाला.

नंतर हातही चालेना, तेव्हा गालाचा एक स्नायू हलवून ते शब्द निवडत. एक वेळ अशी आली की वेग मिनिटाला जेमतेम एक शब्द झाला. आपण गप्पा मारताना मिनिटाला शंभराहून जास्त शब्द बोलतो. तरीही 2018 साली निधन होईपर्यंत लोक त्यांच्या एका वाक्यासाठी काही मिनिटं शांत बसून राहायचे. का? कारण बोलणारा माणूस हॉकिंग आहे, हे त्यांना माहीत होतं.

आता विचार करा. हॉकिंगसाठी सभागृह थांबतं. मग आपल्या वर्गातल्या मैत्रिणीसाठी आपण का नाही थांबत?

एका पापणीचं पुस्तक

फ्रान्समध्ये जाँ-दोमिनिक बोबी नावाचे एका मासिकाचे संपादक होते. 1995 सालच्या डिसेंबरात त्यांना मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा डोकं साफ चालत होतं, पण शरीर जवळजवळ सगळंच बंद. डावी पापणी तेवढी मिटता येत होती.

त्यांना मदत करणाऱ्यांनी एक युक्ती केली. नेहमीच्या क्रमानं अक्षरं म्हणायची नाहीत. फ्रेंचमध्ये जी अक्षरं जास्त लागतात ती आधी म्हणायची. हवं ते अक्षर आलं की बोबी पापणी मिटायचे. अशा रीतीनं त्यांनी अख्खं पुस्तक सांगितलं आणि मदतनीस बाईंनी ते उतरवून घेतलं! 1997 साली पुस्तक प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बोबी वारले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पापणी बोबींची, पण अक्षरं म्हणणारा आवाज दुसऱ्याचा. म्हणजे अशा बोलण्याला दोन माणसं लागतात. एक सांगणारं आणि एक मन लावून ऐकणारं.

छळछावणीतून आलेली चित्रलिपी

आता चित्रांची गोष्ट. चार्ल्स ब्लिस यांचा जन्म 1897 सालचा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातला. ते ज्यू होते, म्हणून 1938 साली नाझींनी त्यांना छळछावणीत डांबलं. सुटल्यावर ते इंग्लंडला आणि तिथून चीनमधल्या शांघायला गेले. दुकानांच्या पाट्यांवरची चिनी अक्षरं बघून त्यांना वाटलं, वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकच चित्रलिपी वाचता आली तर भांडणं कमी होतील! 1949 साली, ऑस्ट्रेलियात राहायला गेल्यावर, त्यांनी आपल्या चिन्हांचं जाडजूड पुस्तक काढलं.

त्यांची चिन्हं मोठी मजेदार आहेत. हृदयाचा आकार म्हणजे भावना. त्याच्या शेजारी वर जाणारा बाण काढला की आनंद. खाली जाणारा बाण काढला की दुःख. आहे की नाही सोपं?

जगातली भांडणं काही थांबली नाहीत. ब्लिस यांच्या पुस्तकाकडे फारसं कोणी बघितलंही नाही. पण 1971 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात शर्ली मॅकनॉटन नावाच्या शिक्षिका आणि त्यांचे सहकारी, बोलता न येणाऱ्या मुलांसाठी काहीतरी शोधत होते. त्यांना हे पुस्तक सापडलं. मुलांच्या पुढ्यात चिन्हांचे तक्ते आले आणि ज्यांना लोक "काही कळत नाही" म्हणत होते, ती मुलं प्रश्न विचारायला लागली! पुढे ही चिन्हं कितीतरी देशांत पोचली.

मुंबईची मालिनी

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मालिनी छिब यांचा जन्म 1966 सालचा. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्यांना सेरेब्रल पाल्सी झाली. तेव्हा अशा मुलांसाठी आपल्याकडे शाळा जवळजवळ नव्हत्याच. म्हणून त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत "स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया" ही संस्था सुरू केली. आता तिचं नाव "अडॅप्ट" आहे.

मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या. लंडनला जाऊन त्यांनी एक सोडून दोन एम.ए.च्या तोडीच्या पदव्या मिळवल्या. मुंबईत पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात कार्यक्रम ठरवण्याची नोकरी केली. बोलणं सगळ्यांना समजत नाही, म्हणून त्या टाइप करतात. तेही एकाच बोटानं, करंगळीनं! त्यांनी लिहिलेल्या आत्मकथेचं नावच "वन लिटल फिंगर", म्हणजे "एक छोटंसं बोट".

म्हणजे बघा, हॉकिंगची भुवई, बोबींची पापणी, मालिनींची करंगळी. शरीराचा एखादाच भाग आपलं ऐकत असेल तर तेवढाही पुरतो. पण कधी? समोर कोणी ऐकायला थांबलं तर.

आपली वर्णमाला कामाला लावू या

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजी-फ्रेंचमध्ये. मराठीत कसं करायचं? दोस्तांनो, मराठीचं काम तर आणखी सोपं आहे! आपली वर्णमाला मुळातच चौकटीत बसवलेली आहे. हे बघा:

1. क ख ग घ ङ
2. च छ ज झ ञ
3. ट ठ ड ढ ण
4. त थ द ध न
5. प फ ब भ म
6. य र ल व श
7. ष स ह ळ क्ष
8. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार
9. एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, काना-दोन मात्रा, अनुस्वार

(अ, आ, इ, उ, ए यांची दहावी ओळ करा. जोडाक्षरासाठी "पाय मोडा" असं एक जादा घर ठेवा.)

आता मदतनीसानं सावकाश विचारायचं, "पहिली ओळ? दुसरी? तिसरी?" हवी ती ओळ आली की सांगणाऱ्यानं डोळे मिटायचे. मग त्या ओळीतलं अक्षर, "पहिलं? दुसरं?" पुन्हा डोळे मिटायचे. दोन वेळा डोळे मिटले की एक अक्षर तयार!

समजा, "पानी" म्हणायचं आहे. प म्हणजे 5-1, काना म्हणजे 8-1, न म्हणजे 4-5 आणि दुसरी वेलांटी 8-3. बेरीज करा: 5 आणि 1, 8 आणि 1, 4 आणि 5, 8 आणि 3. झाले 35. सेकंदाला एक या वेगानं मोजलं तर "पानी" या एवढ्याशा शब्दाला पस्तीस सेकंद!

आता कोणीतरी हुशार मुलगा हात वर करील, "पण पाणी असं लिहायचं असतं! न नाही, ण!" बरोबर आहे, परीक्षेत "पाणी" लिहा. पण इटियाडोहच्या परिसरात झाडीबोली बोलतात आणि झाडीबोलीत ण नाही. तिथे पाणी "पानी"च असतं. पस्तीस सेकंद कष्ट करून एक मुलगी घरच्या भाषेत एक शब्द सांगते आणि आपण पहिलं काय करतो, तर तिची चूक काढतो? छे! तिनं काय म्हटलं ते आधी ऐका. तुमच्या आजीनं "पानी दे" म्हटलं तर तुम्ही तिचं शुद्धलेखन तपासता का?

तक्त्यावर गाव हवं

हाच नियम चित्रांच्या तक्त्यालाही लागू आहे. शहरातून आणलेल्या तयार तक्त्यावर पिझ्झा असेल, लोकल असेल, लिफ्ट असेल. पण धानाची बांधी कुठे आहे? बोडी कुठे आहे? रोवणी, मोहफुलं, झिंगे, तेंदूपत्ता? दिवाळीनंतरची मंडई आणि रात्रभर रंगणारी दंडार? गावातली बाकीची मुलं ज्या गोष्टींवर तासन्‌तास गप्पा मारतात, त्या तक्त्यावर नसतील तर ती मुलगी गप्पांत शिरणार कशी?

या भागात गोंडी बोलणारी घरं आहेत. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथल्या मुलांच्या घरी तिबेटी बोलतात. ज्याच्या घरात जी भाषा, तिचे शब्द त्याच्या तक्त्यावर हवेत. हे शब्द मुंबईचा तज्ज्ञ सांगू शकणार नाही. ते आई, आजी आणि मित्रमैत्रिणीच सांगू शकतात. इथे तुमचं काम सुरू होतं!

पण नुसती नावं नकोत. पुष्कळ तक्त्यांवर भात, पोळी, दूध, शी, शू एवढंच असतं. एवढ्यावर फक्त मागता येतं, गप्पा मारता येत नाहीत. आपल्या रोजच्या बोलण्यात सारखे लागतात ते छोटे शब्द: मी, तू, नको, अजून, थांब, जा, संपलं, कुठे, कोण, का, आवडलं, मदत. हे आधी हवेत. "का" नसेल तर प्रश्न विचारता येत नाही. "नको" नसेल तर नकार देता येत नाही.

आणि दोन-चार गोष्टी अगदी न विसरता घाला. "दुखतंय", "भीती वाटते", "मला हात लावू नको", "मोठ्या माणसाला सांगायचं आहे". कोणी त्रास दिला तर तिला ते सांगता आलं पाहिजे. शिवाय "तू खोटारडा!" आणि "हा हा हा!" हेही हवंच. भांडता आलं नाही तर ती मैत्री कसली?

तक्ता बनवायला खर्चही फार नाही. जाड पुठ्ठा, वहीतले कागद, स्केचपेन आणि वरून प्लॅस्टिकचं आवरण. झाडीपट्टीतला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आवरण नसेल तर पहिल्याच पावसात सगळे शब्द वाहून जातील! बोट लावता येत नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडेला चित्रं चिकटवतात, मधून दोघं एकमेकांकडे बघतात आणि सांगणारा नजरेनं चित्र दाखवतो.

फोन असेल तर? आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं "जेलो" नावाचं ॲप तयार केलं आहे. ते फुकट आहे आणि मराठीतही आहे. चित्राला बोट लावलं की फोन बोलतो. पण फोनची बॅटरी संपते, वीज जाते. म्हणून फोन असला तरी पुठ्ठ्याचा तक्ता दप्तरात हवाच.

"मग ती बोलायलाच शिकणार नाही!"

ही भीती पुष्कळ आईबाबांना वाटते. तक्ता दिला तर मूल आळशी होईल, तोंडानं बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. काळजीपोटीच वाटते ती. पण शास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलं आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नीट नोंदी ठेवलेल्या 27 जणांची माहिती पाहिली गेली. तक्ते, खुणा, यंत्रं वापरल्यावर त्यांच्यापैकी एकाचंही तोंडचं बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं तर थोडंफार वाढलंच होतं!

मात्र तक्ता पुढ्यात ठेवला की मूल लगेच बोलायला लागेल, असंही नाही. तान्हं बाळ वर्षभर आपलं बोलणं ऐकतं, तेव्हा कुठे पहिला शब्द बोलतं. तसंच इथेही आहे. आपणही बोलताना तक्त्यावर बोट लावायचं. "चल, जेवू" म्हणताना "चल"वर बोट, "जेव"वर बोट. तक्ता हीसुद्धा एक भाषा आहे आणि कोणतीही भाषा दुसऱ्याची बघून, ऐकूनच येते ना?

शाळेला येणारे विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येणारं पथक यांना घरच्यांनी याबद्दल जरूर विचारावं. आणि कायदाही पाठीशी आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 सालचा कायदा "संवाद" म्हणजे काय ते सांगताना ब्रेल आणि खुणांच्या भाषेबरोबर पूरक आणि पर्यायी पद्धतींचंही नाव घेतो. म्हणजे पुठ्ठ्यावर बोट टेकवून बोलणं हेही कायद्याच्या लेखी बोलणंच!

चांगला ऐकणारा कसा असतो?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या गोष्टी पाठ करू नका, करून बघा.

विचारायचं ते तिलाच विचारा. शेजारी उभ्या असलेल्या आईला किंवा भावाला नाही.

प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. मधेच दुसरा प्रश्न टाकू नका. दहा झाले तरी तिचं बोट फिरतंय? मग आणखी थांबा.

पहिल्या शब्दावर उडी मारू नका. "पानी" म्हणजे नेहमी तहानच नसते. ते धरणाचं असेल, पावसाचं असेल, आजीच्या डोळ्यांतलंही असेल. वाक्य पुरं होऊ द्या. शब्द आधीच ओळखून सांगितलेला आवडतो का, ते तिलाच विचारा. काहींना चालतं, काहींना मुळीच चालत नाही.

कळलं नाही तर "मला नाही कळलं, पुन्हा सांग" म्हणा. उगीच मान हलवू नका. खोटी मान लगेच ओळखू येते!

तक्ता कधीही काढून घेऊ नका. जेवताना नाही, खेळताना नाही, शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. तुमच्या तोंडाला कोणी चिकटपट्टी लावली तर कसं वाटेल?

आणि तिच्याशी लहान बाळासारखं बोलू नका. ती तुमच्या वयाची आहे. तुमच्याशी बोलायच्या त्याच गप्पा तिच्याशी मारा.

आता तुमची पाळी!

येत्या रविवारी एक खेळ खेळा. दोघांनी बसायचं. एकानं तोंड बंद ठेवायचं, हातही हलवायचे नाहीत, फक्त डोळे मिटायचे. दुसऱ्यानं वरची वर्णमाला घेऊन ओळी विचारायच्या. पहिल्यानं एकच वाक्य सांगायचं, आज त्याला काय करावंसं वाटतंय. मग पाळी बदला.

खेळ झाल्यावर एकमेकांना विचारा: समोरच्यानं मधेच अंदाज केला तेव्हा कसं वाटलं? तो कंटाळून इकडेतिकडे बघायला लागला तेव्हा? आणि वाक्य पुरं होऊन त्यानं "अच्छा, असं म्हणायचं होतं तुला!" म्हटलं तेव्हा?

आता पुन्हा त्या सहलीला जाऊ. तेच धरण, तीच मुलगी, तोच पुठ्ठा. तिचं बोट "पानी"वर टेकतं. कोणीतरी बाटली काढायला दप्तर उघडतं. पण या वेळी वर्गातला एक मुलगा तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसतो आणि म्हणतो, "पानी. बरं. पुढं?" बोट थरथरतं, पुढे सरकतं. "जवळ." तो थांबतो. "पाहू."

"अरे, इले सांडवा पाहाचा आहे!" आणि सगळी पलटण खुर्ची ढकलत निघते. बाई मागून ओरडतात, "कठड्यापासून लांब रे!"

तो मुलगा तुम्हीही होऊ शकता. काय करायचं, ते एका शब्दात सांगतो. पण असंच नाही हं! वर्णमालेच्या चौकटीत शोधा:

4-2, 8-1, 9-5, 5-3

सापडला शब्द? मग उद्या शाळेत कोणाचं बोलणं अडलं, की तो आधी स्वतःला सांगा.